सायीच्या रंगाची चादर

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावातल्या एका घरात नवी सून आली होती. घर वाईट नव्हतं. तिला कुणी टाकून बोलत नसे. खरं तर कुणी बोलतच नसे. "ताटं घे," "दिवा लाव," "भात झाला का?" एवढ्यात तिचा दिवस संपे. नवरा व्यापारासाठी गावोगाव हिंडे आणि घरी आला की आधी झोपे. थोरली जाऊ होती बोलकी, पण तिचं सगळं बोलणं शेजारणींसाठी राखलेलं असे.

एक दिवस सासूने पेटी उघडून दोन पांढऱ्या चादरी काढल्या. पांढऱ्या म्हणजे एके काळी. सासूच्या आईने लेकीच्या रुखवतासाठी त्यांवर पांढऱ्या दोऱ्याने जाईची फुलं भरली होती. सासूने त्या इतक्या जपल्या, की दर खेपेला खळ घालून, कडक घडी करून ठेवल्या. त्या खळीनेच त्या पिवळ्या पडल्या होत्या. शिवाय एकीवर लग्नातल्या हळदीचा तळहाताएवढा डाग होता.

"माझ्या लेकीच्या साखरपुड्याला पाहुणे यांवर बसतील," सासू म्हणाली. "माझ्या आईच्या हातचं आता एवढंच उरलंय. पांढऱ्या करा, पण सांभाळून."

थोरलीने बिनडागाची चादर पटकन उचलली. उरली ती धाकटीची.

धाकटीने ती घंगाळात गार पाण्यात बुडवली. थोड्या वेळाने पाण्याला चहाचा रंग आला आणि जुन्या खळीचा आंबूस वास सुटला. तिने ते पाणी ओतलं, नवं घेतलं, पुन्हा बुडवली.

"भिजत काय घालतेस?" जाता जाता थोरली म्हणाली. "हरभरे आहेत का ते?"

पाणी स्वच्छ राहायला लागल्यावर धाकटीने साबणाचा हलका फेस केला आणि हळूच डागावर लावला. डाग कुंकवासारखा लालभडक झाला.

थोरली परत आली ती नेमकी तेव्हाच. "पिवळा होता तो लाल केलास होय? सासूबाईंनी विचारलं तर मी घरात नव्हते म्हणून सांग."

मग तिला दया आली असावी. ती आतून एक पुडी घेऊन आली आणि चक्क धाकटीच्या शेजारी दगडावर टेकली. "विहिरीत टाकतात ती पूड आहे. माझी चादर एका बुडीत बगळ्यासारखी झाली. घे चिमूटभर. अगं, मूठभरच घे, डाग केवढा आहे."

लग्न झाल्यापासून धाकटीच्या शेजारी असं कुणी बसलं नव्हतं. पूड घेतली असती तर जाऊ आणखी घटकाभर बसली असती, चार गोष्टी बोलली असती. धाकटीने चादरीचा कोपरा बोटांत धरून पाहिला. धागा झिजून कोळ्याच्या जाळ्यासारखा झाला होता. आणि साबण लागला की हळद लाल होते, पाण्याने धुतली की परत पिवळी होते आणि उन्हापुढे फार दिवस टिकत नाही, हे तिला तिच्या आईने दाखवलेलं होतं.

"नको, जाऊबाई," ती म्हणाली. "कापड जुनं आहे. सोसायचं नाही त्याला."

"तुझी मर्जी." थोरली उठली. पुडीही तिच्याबरोबर गेली.

धाकटीने फेस धुऊन काढला तसा डाग परत पिवळा झाला. चादर तिने पिळली नाही, दोरीवरही टाकली नाही. ओल्या चादरीला स्वतःचंच वजन पेलत नाही. दुसऱ्या कापडात गुंडाळून तिने ती परसात नेली, हरळीवर पसरली आणि जवळ बसली. कोंबड्या हाकल, शेळी हाकल, सुकत आली की पाणी शिंपड. असे कितीतरी दिवस गेले. परसात कुणी फिरकलं नाही. शेवटी ती चादरीशीच बोलायला लागली. चादर हूं म्हणत नव्हती, पण मध्येच उठूनही जात नव्हती. त्या घरात हेही थोडकं नव्हतं.

डाग फिका होत होत गेला. चादर मात्र बगळ्यासारखी झाली नाही. दुधावरच्या सायीसारखी झाली.

"ही कुठं पाहुण्यांपुढे घालता?" साखरपुड्याच्या सकाळी थोरली म्हणाली. "मळकी दिसते." तेव्हा तिची झगझगीत चादर बैठकीवर पडली आणि धाकटीची घडी आत राहिली.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे काका मांडी घालून बसले आणि दुसऱ्याला जागा द्यायला जरासे सरकले. तेवढ्याने चादर मधोमध फाटली. आवाजही नीट झाला नाही. ओला पापड तुटावा तशी गेली.

"माझंच वजन जास्त," काका ओशाळून म्हणाले.

"तुमचं काही नाही. बसा," सासू म्हणाली. तिने तुकडे गोळा केले. हातात घेताच जाईची फुलं पिठासारखी सुटत होती. थोरली खाली मान घालून उभी राहिली. सासूने आतली घडी आणून स्वतः पसरली, आणि पाहुणे उठेपर्यंत तिची नजर वारंवार या चादरीवरच्या फुलांवर जात राहिली. त्यांतलं एकही उसवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी परसात चादर धूत होती. सासू आली आणि हरळीवर बसली.

"खळ घालू का?" धाकटीने विचारलं.

"नको. बिनखळीचीच ठेवू." मग ती म्हणाली, "तुला हे कुणी शिकवलं?"

"आईनं."

"कशी आहे गं ती?"

धाकटीचे हात पाण्यातच थांबले. लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "कुठून सांगू?" ती म्हणाली.

"ऊन आहे अजून," सासू म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

तात्पर्य: जुन्या कापडाला आणि नव्या माणसाला घाई सोसत नाही, त्यांच्याजवळ कुणीतरी बसावं लागतं.