खापरातली लेझीम

खापरं बोलायची आणि माणसं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. एका प्रयोगशाळेत एक काळं खापर होतं. त्याच्या पोटात विजेचे कण राहत, एकजात भांडकुदळ. कुणी कुणाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, म्हणून आत आलेली वीज अडकायचीच.

शेजारची तांब्याची तार खिदळली, "खापरोबा, आज वीज पार नेण्याची शेवटची परीक्षा हं! नापास झालात की थेट उकिरडा."

तेवढ्यात खापरावर कडाक्याचा थंड द्रव ओतला गेला. आतले कण कुडकुडले आणि त्यांची भांडणं थंडावली. रागोबा नावाचा कण शेजारणीला म्हणाला, "खाष्टाबाई, जोडीनं नाचू या. पण जवळ यायचं नाही!"

"येतंय कोण मेलं! चार घरं लांबूनच नाचेन. आधी पाय कुठला, डावा की उजवा?"

"कुठलाही चालेल."

"मग घ्या डावा!"

तिनं डावा टाकला, त्यानंही टाकला. बघता बघता खापरभर अशाच फटकून उभ्या राहिलेल्या जोड्या जमल्या आणि साऱ्यांचा डावा पाय एकदम पडला. अशी लेझीम जन्मात कुणी पाहिली नसेल! ना धक्का, ना अडखळणं. वीज सुळकन पार गेली आणि खापराचा उकिरडा टळला.

तारेनं आ वासला. तिचे कण अजून एकमेकांत धडपडत होते, त्यानं ती तापली होती. "अहो, पण डावाच का?"

"उजवाही चालला असता," खाष्टाबाई नाचता नाचता म्हणाली, "पण मग सगळ्यांचा उजवा. आणि तू जरा लांब सरक बाई, तुझी ऊब लागतेय, ताल मोडेल आमचा!"