कानातला कापूस

“पण मग देवानं दावीद राजाचं घराणं मोडूनच का नाही टाकलं, बाबा?”

हनोखने जरा मोठ्यानेच विचारलं. सामाजीबाबांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. बाबांना कानदुखीचा जुना आजार आहे, असं त्यांच्याकडे कीर्तन शिकणारा हनोख पहिल्या दिवसापासून धरून चालला होता.

खाडीकाठच्या त्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, मोजकीच घरं. तिथे दावीद राजाचं कीर्तन करावं तर सामाजीबाबांनीच. आता त्यांचा आवाज बसला होता. आज संध्याकाळी पेणकरांकडे नवसाचा मलिदा, आणि त्यानंतर कीर्तन. बाबांनी आपल्या चिपळ्या सकाळीच हनोखच्या हातात दिल्या होत्या. तेव्हापासून त्याने त्या खाली ठेवल्या नव्हत्या.

“मी आज फक्त दावीद घेतो,” तो म्हणाला. “त्याच्या वंशातले नालायक गाळतो. दाविदाचा नातू रहबाम, तो उर्मट. आहाजने देवाकडे पाठ फिरवली. आणि मनश्शे... त्याचं नाव घेतलं तर चूळ भरावी लागेल.”

“आणि देवाचं वचन?”

“तेच तर! ‘तुझी पोरं चुकली तर काठीनं झोडीन, पण माझी माया काढून घेणार नाही.’ वचन दाविदाला ना? दावीद गेला. मी देवाच्या जागी असतो तर...”

“असतास तर?”

“दुसऱ्याला एकदा सांभाळून घेतलं असतं. तिसऱ्याला सरळ दाराबाहेर!”

पडवीत बाबांची सून राहेल मलिद्यासाठी नारळ खवत होती. ती फस्सकन हसली.

“मामंजी, आता सांगून टाका की!”

बाबांनी उजव्या कानातला बोळा काढला. मग डाव्या कानातला. दोन्ही चटईवर ठेवले.

“तुझे आजोबा, दानियल. ते गायला लागले की खाडीतले होडीवाले वल्ही थांबवायचे. तापात गेले, माझ्या मांडीवर. म्हणाले, सामाजी, माझ्या घरातल्यांना कीर्तन शिकव. मी म्हटलं, जितके येतील तितक्यांना शिकवीन.”

हनोखची छाती फुगली.

“मग तुझा बाप आला. पहिल्याच कीर्तनात त्यानं दाविदाच्या मुलाला, शलमोन राजाला, पार प्रलयाच्या काळातल्या नोहाच्या तारवात बसवलं.”

“आमच्या अण्णांनी?”

“आणि उतरवायचा विसरला. मी काठीनं दोन ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला बसलो.”

“आणि... मी?”

पडवीतली खवणी थांबली.

“माझा आवाज गोड आहे, बाबा. लोक म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

हनोखने आठवून पाहिलं. आई म्हणायची. दुसरं कुणी आठवेना. आठवलं ते भलतंच... त्याने सूर लावला की शेजारच्या कोंबड्या कुंपण ओलांडून पळायच्या. त्याला वाटायचं, मुंगूस आलं असेल.

त्याची नजर चटईवरच्या कापसाकडे गेली. तिथेच खिळून राहिली.

“कान... दुखत नाही तुमचा?”

“कधीच नाही दुखला.”

हनोखने चिपळ्या हळूच बाबांपुढे ठेवल्या. त्याचे कान लाल झाले होते.

“दुसऱ्या कुणाला द्या, बाबा. मी तिसरा आहे.”

बाबांनी चिपळ्या बोटाने परत त्याच्याकडे सरकवल्या.

मग कापसाचे बोळे उचलले. फुंकर मारली. एक या कानात घातला, एक त्या कानात. नीट दाबून बसवले. मांडी ठीक केली.

“हं... रहबामापासून सुरू कर.”