धूरगण टेकडी

करंजखोऱ्यात उतरताना उजव्या हाताला एक बोडकी टेकडी लागते. माथ्यावर बसायला घडवल्यासारखा एक सपाट धोंडा आहे. तिला गावात धूरगण म्हणतात. पाहुणे तळं बघायला येतात, देवळाच्या ओट्यावर टेकतात, तेव्हा गुरवांच्या राहीआजी आधी या टेकडीकडे हात करतात. तळ्याची गोष्ट पाण्यापासून सुरू होत नाही, असं त्या सांगतात. ती धुरापासून सुरू होते.

फार मागे, म्हणे, या खोऱ्यात पाणी ठरत नसे. आलं तसं ओढ्याने निघून जाई. मग गावाने बांध घालायचं मनावर घेतलं. दगड डोंगराचा होता, हात वडारांचे होते. पण त्यांच्या पोटाला गावाने घालायला हवं. पंचांनी पट्टी बसवली: दर बाजाराला चुलीमागे एक पायली जोंधळे. लहान नाही, मोठा नाही, सगळ्यांना सारखं. ऐकायला किती गोड. पंचांचा माणूस भिवाजी चौगुला रोज पहाटेपासून अंधार पडेतो टेकडीवर बसे आणि छपरांतून निघणारा एकेक धूर मोजी; जितके धूर, तितक्या चुली.

तिमाजी शेट्यांचं घर गावात सगळ्यांत भरलेलं. पंगतीमागून पंगत उठे. अंगणभर जमिनीत खणलेली धान्याची पेवं, वर दगडी झाकणं. पण घर एकत्र, चूल एक. म्हणून धूर एक आणि पायलीही एकच. पलीकडच्या वस्तीत मात्र भाऊभाऊ वेगळे निघालेले, एकेका छपरातून दोन-तीन धूर निघत. गरिबी घर फोडते, आणि फुटल्या घराला चुली जास्त. हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. बोलायचं कुणी, एवढंच.

शेटे वाईट नव्हते. बांधाखाली गेलेली जमीन त्यांनी हसत दिली होती. पेवांचा विषय निघाला की मात्र म्हणत, "माझ्या पेवात किती, हे गावाने का मोजावं? राबलो म्हणून भरली. जास्त असेल त्याच्याकडून जास्त घ्यायला लागलात, तर उद्या जास्त पिकवील कोण?" पंच दुसरा विषय काढत. शेट्यांची बायको वेणूबाई दाराआडून ऐके. तिला उत्तर सुचे. ते ओठांपर्यंत येई आणि तिथूनच मागे फिरे.

हळूहळू वस्तीतले धूर कमी झाले. ज्यांना पायली झेपेना, त्यांनी चूलच बंद केली. कुणी शेजारणीच्या तव्यावर भाकरी टाकून आणी, कुणी पीठ पाण्यात कालवून पोरांना पाजी. रात्री चोरून पेटवावी, तर कुडाच्या फटींतून उजेड दिसे. पंच म्हणाले, गावातली घरं कमी झाली की काय.

पौष लागला तशी धुरपदा कोळीण शेट्यांच्या मागल्या दारी आली. नवरा वारलेला, लेक बाळंतपणाला आलेली, नात झालेली. बाळंतिणीला शेक हवा, बाळाला ऊब हवी. ती म्हणाली, "बाई, शेटजींच्या कानावर घाला. बाळंतिणीचा महिना होईतो आमचा धूर मोजू नका म्हणावं. आणि मोजायचंच, तर ज्याच्याकडे आहे त्याचं आधी मोजा म्हणावं."

वेणूबाईला ते पटलं. पण तिचं शुक्रवारचं व्रत उद्यापनाला आलं होतं, सवाष्णी जेवायच्या होत्या. ऐन सणात नवऱ्याशी वाद नको, उद्यापन झालं की सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. कोठीतून पायलीभर जोंधळे आणून धुरपदाच्या पदरात घातले आणि म्हणाली, "या बाजाराचं भागव. लागलं तर पुन्हा ये. तुला कोण नाही म्हणतंय?"

धुरपदा गेली. त्या बाजाराला तिची पायली भरली गेली, तिच्या छपरातून धूर निघाला. पुढच्या बाजाराला निघाला नाही. वेणूबाई पुरणात हात घालून बसली होती. एकदा मनात आलं, धुरपदा आली नाही. मग वाटलं, भागलं असेल. आपण ये म्हटलंय की.

उद्यापनाच्या दिवशी सवाष्णींच्या पाटाभोवती रांगोळी काढताना तिला कळलं, की धुरपदाची नात पहाटे गारठून गेली.

ती होती तशी उठून वस्तीत गेली. चुलीत राख होती, तीही थंड. वेणूबाई म्हणाली, "अगं, मी म्हटलं होतं की. दाणे लागले तर ये म्हणून."

धुरपदाने वर पाहिलं नाही. "दर बाजाराला पदर पसरायचा, बाई? आणि मी दाणे मागायला आलेच नव्हते. तुम्ही एक शब्द टाकाल, म्हणून आले होते."

वेणूबाई घरी आली. सवाष्णी खोळंबल्या होत्या. तिने त्यांचे पाय धरले आणि सांगितलं, देवी आज माझ्या घरी जेवायची नाही. मग अंगणात जाऊन ती दगड वेचू लागली. एकेका पेवाच्या झाकणावर तीन तीन दगड मांडून तिने चुली केल्या आणि सगळ्या पेटवल्या. शेट्यांच्या अंगणातून, एखादा पाडा उठून स्वयंपाकाला लागावा तसा धूर चढला.

भिवाजी चौगुला टेकडीवरून धावतच खाली आला. "काकी, पाहुण्यांचा तांडा उतरलाय काय?"

"पाहुणे नाहीत, चौगुले. सगळा धूर आमच्याच घरचा आहे. मोजा."

चौगुल्याने शेट्यांकडे पाहिलं. शेटे ओसरीच्या पायरीवर उभे होते. बायकोच्या तोंडावरची राख त्यांनी पाहिली. ते काय म्हणतात याची सारं गाव वाट पाहत राहिलं, असं सांगतात. शेटे खाली उतरले, कडेची एक चूल विझत आली होती तिच्यापाशी उकिडवे बसले आणि फुंकर घातली.

त्या दिवसापासून पट्टी पेवामागे झाली. ज्याच्याकडे पेव नाही, त्याने सवडीने चार पाट्या माती टाकायची. पाऊस लागायच्या आत बांध उभा राहिला. पाणी आलं. पोर आलं नाही. पुढे वेणूबाईने जन्मभर पौषात ऊनऊन घास खाल्ला नाही, म्हणे. धुरपदा तळ्यावर पाण्याला येई. दोघी घाटावर भेटत, एकमेकींच्या डोक्यावर हंडा चढवून देत. बोलणं मात्र व्हायचं नाही.

आजही पौषातल्या शेवटच्या शुक्रवारी गावातल्या सुखवस्तू घरच्या बायका अंगणात चुली मांडतात. घरात जितकी पोती, तितक्या चुली. चुलीमागे एक पायली देवळाच्या कोठीत जाते. तिथून ते धान्य बाळंतिणीच्या घरी पोचतं, तिने न मागता. न मागता, हाच त्यातला नेम.

आता घरोघरी गॅस आहे. गॅसला धूर नाही, तेव्हा कुणाकडे किती हे टेकडीवरून दिसत नाही. माडीवर माडी चढलेली काही घरं एकच चूल मांडून मोकळी होतात. राहीआजी त्यांना बोलत नाहीत. आपणही कधी वेळेवर बोललो नाही, एवढंच म्हणतात. पण दर वर्षी कुठल्या तरी घरची नवी सून, सासूला न विचारता, आणखी तीन दगड उचलून आणते. ओल्या लाकडांनी तिचे डोळे चुरचुरतात, फुंकून फुंकून दम लागतो. मग शेजारची एखादी बाई कुंपणावरून कोरड्या काटक्या पुढे करते.

म्हणते, "घे बाई. लवकर पेटव."