शनिवारची मूठ

माळावरच्या एका गावात एक पाळक होते, आणि ते आपल्या मंडळीकडून छदामही घेत नसत. त्यांचे नाव शांतवन बोर्डे. ख्रिस्ती वस्तीची पंचवीसेक घरे, त्यांचे एक लहानसे चर्च, आणि त्या चर्चचे हे बिनपगारी पाळक.

पोटासाठी ते सरकारी नोकरी करीत. आठवड्याचे सहा दिवस गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. जखमा धुवायच्या, औषधे पाजायची, अडलेली गाय सोडवायला डॉक्टरांना हात द्यायचा. रविवारी तेच शांतवन पांढरा झगा घालून वेदीपाशी उभे राहत. गावातले वात्रट लोक म्हणत, बोर्ड्यांना सुट्टी म्हणून नाहीच, सहा दिवस गुरं आणि सातव्या दिवशी मेंढरं. शांतवन हसत. खरे सांगायचे तर ही थट्टा त्यांना मनातून आवडे.

माणूस खरोखर चांगला होता. त्यांची नजर तर अशी, की बैल फाटकातून आत येतो न येतो तोच ते चालीवरून सांगत, याचे पोट धरले आहे. मुक्या जनावराचे दुखणे त्यांना लांबून कळे. जनावर उशिरा आणले तर मात्र मालकाची खैर नसे. "आधी का नाही आणलंस? तोंड नाही त्याला, पण तुला डोळे होते ना?" असे ते सर्वांदेखत विचारत.

आता त्या मंडळीची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. घराघरात चुलीजवळ एक छोटे मडके असे. भाकरीसाठी पीठ काढले, की बाई आधी त्यातली एक मूठ त्या मडक्यात टाकी आणि मग पीठ मळायला घेई. ही पाळकाची मूठ. शनिवारी दुपारी बायका आपापली मडकी घेऊन पाळकाच्या घरी जात आणि तिथल्या डब्यात ओतत. पूर्वीच्या म्हाताऱ्या पाळकांचे घर त्यावरच चाले.

ते म्हातारे पाळक वारले, तेव्हा मंडळी पोरकी झाली. नवा पाळक नुसत्या मुठीवर यायला तयार नव्हता, आणि पगार द्यायची कुणाची ऐपत नव्हती. शांतवन पुढे आले आणि त्यांनी ती सेवा अंगावर घेतली. पहिल्याच रविवारी त्यांनी उभे राहून जाहीर केले, "मला पगार आहे. तुमची मूठ मला नको. ती तुमच्या लेकरांच्या ताटात पडू दे."

लोकांचे डोळे भरून आले. असा पाळक आजूबाजूच्या दहा गावांत नाही, असे जो तो म्हणू लागला. मडकी धुऊन, पुसून माळ्यावर गेली. शांतवन त्या दिवशी घरी आले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत आले. त्या आनंदात पुण्य किती आणि अभिमान किती, हे त्यांनी तपासून पाहिले नाही. आपणही त्यांच्या जागी तपासले नसते.

त्यांची बायको सलोमी. दूरच्या शहरातून लग्न होऊन आलेली, अबोल, मूलबाळ नसलेली. शनिवार आले आणि गेले. तिच्या घरी कुणी आले नाही. काही काम निघाले, तर पाळकच लोकांच्या दारात येत. मग पाळकाच्या दारात जायचे कशाला? आणि रिकाम्या हाताने जायचे तरी कसे? रविवारी चर्चच्या पायरीवर बायका सलोमीला सलाम करीत, ख्यालीखुशाली विचारीत आणि भाजी जळेल म्हणून लगबगीने घरी जात.

शांतवन दवाखान्यातून सुटले की सायकल तशीच वस्तीकडे वळवत. आज याच्या घरी प्रार्थना, उद्या त्याच्या घरी समेट. कुणी चहा पुढे केला तर तोही ते हात जोडून नाकारत. जेवायला बसा म्हणणाऱ्याला सांगत, घरी पान वाढलेले आहे. पान वाढलेले असे हे खरे. त्यापुढे बसलेली बाई दिवसभर कुणाशी चार शब्द बोलली का, हे विचारायला मात्र त्यांच्यात त्राण उरत नसे. ते जेवत आणि आडवे होत.

असे नऊदहा वर्षे चालले. एकदा सलोमीनेच विषय काढला. शनिवारची मूठ पुन्हा सुरू करता येईल का, असे तिने विचारले. शांतवन चकित झाले. घरात काही कमी पडते का, म्हणाले.

"पिठासाठी नाही हो," ती म्हणाली. "त्या निमित्ताने बायका येतील. टेकतील घटकाभर."

शांतवनांनी तिला समजावले. ज्या तोंडाने नको म्हटले त्याच तोंडाने आता आणा म्हणायचे? लोक काय म्हणतील? माझ्या सेवेची सगळी शोभा त्या एका गोष्टीत आहे. सलोमीने मान हलवली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. शांतवनांना वाटले, तिला पटले.

त्या वर्षी नाताळच्या आधी राहेलआजी त्यांच्या दारात उभी राहिली. राहेलआजी म्हणजे मंडळीतली सर्वांत वयस्क बाई, निम्म्या वस्तीच्या बाळंतपणाला हात लावलेली. चर्चमध्ये तिने सलोमीकडे दोनतीन रविवार नीट पाहिले होते. चोळी अंगावर लोंबत होती आणि गीताला उभे राहताना ती बाकाचा आधार घेत होती. आजीने डब्यात बाजरीचे पीठ आणि गूळ घातला, पदराखाली घेतला आणि आली. हातात काही असल्याशिवाय त्या दारात यायचा तिला धीर झाला नसता.

शांतवन नेमके बाहेर पडत होते. त्यांनी डबा पाहिला आणि आजीला उंबऱ्यावरच थांबवले. आवाज मऊच होता. "आजी, माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं घेतलं तर उद्या सगळ्यांचं घ्यावं लागेल."

"मी पाळकीणबाईला आणलंय, तुम्हाला नाही," आजी म्हणाली.

"ती आणि मी काय वेगळे आहोत?" शांतवन हसून म्हणाले आणि तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघाले. डबा तसाच परत गेला. आत सलोमी भिंतीला धरून उभी होती. तिने आजीचा आवाज ऐकला होता आणि दाराशी पोचायला तिला जरा उशीर झाला होता.

आजी उंबऱ्याच्या आत आली असती, तर तिने एका नजरेत दुखणे ओळखले असते. त्या दिवशी ओळखले असते तर पुष्कळ वेळ हातात होता, हे नंतर कळले.

मार्च महिन्यात सलोमी विहिरीपाशी पडली. शेजारच्या हौसाबाईने, म्हणजे मेंढपाळाच्या बायकोने, तिला उचलून घरात आणले आणि दवाखान्यात निरोप धाडला. शांतवन तिला तालुक्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पोट तपासले, तपासण्यांचे कागद पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. गाठ मोठी झाली होती. ते हळूच म्हणाले, "आधी का नाही आणलंत?"

हा प्रश्न शांतवनांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. जन्मभर मुकी दुखणी ओळखणारा माणूस, आणि आपल्याच घरातले बोलू शकणारे माणूस त्याला कळले नव्हते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज पुढे कधी गेली नाही.

त्यांनी रजा काढली. आता ते दिवसभर तिच्या उशाशी बसत, पेज भरवत, पाठ चोळत. वस्तीत बातमी पसरली होती, सगळे हळहळत होते, चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थनाही होत होती. पण आपापल्या घरून डबा आणायला कुणी धजावले नाही. पाळकसाहेबांना खपणार नाही, असे प्रत्येकाला वाटले. त्यांचा नेम लोकांनी त्यांच्यापेक्षा जास्त पाळला.

एक दिवस दुपारी शांतवनांनी तिचा हात हातात घेतला आणि विचारले, तू मला सांगितले का नाहीस? सलोमी म्हणाली, "तुम्ही सगळ्यांच्या घरी गेलात. आपल्या घरी मात्र कुणाला येऊ दिलं नाहीत. मी सांगणार कुणाला?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शांतवनांना सोसला असता.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

मग मात्र सारी वस्ती धावली. घर माणसांनी भरले. बायका तिला आंघोळ घालायला पुढे झाल्या आणि जागच्या जागी थबकल्या. पातेली कुठे, साबण कुठे, चादरी कुठल्या ट्रंकेत, कुणालाच माहीत नव्हते. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी बसले नव्हते. एकीने बाहेर येऊन शांतवनांना विचारले, बाईंची आवडती साडी कोणती? शांतवनांनी ट्रंक उघडली, तीन साड्या काढल्या आणि तिन्ही हातात धरून उभे राहिले. शेवटी राहेलआजीने त्यांच्या हातातून एक ओढून घेतली.

दफनाची उपासना चालवायला शेजारच्या गावचे पाळक आले होते. त्या भागात रीत अशी, की माणूस मातीआड करताना त्याच्या आवडीचे गीत म्हणायचे. शेजारच्या पाळकांनी शांतवनांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "बाईंचं आवडतं गीत कोणतं?"

शांतवनांनी हा प्रश्न वस्तीतल्या कितीतरी घरांत विचारला होता. गोंधळलेल्या मुलाला, रडणाऱ्या विधवेला, सर्वांना त्यांनी धीराने विचारले होते आणि प्रत्येकाने काही ना काही सांगितले होते. ते आठवू लागले. सलोमी चर्चमध्ये गात असे, सगळ्यांबरोबर, सगळीच गीते. घरी ती काय गाई? घरी ती गाई का? त्यांनी मंडळीकडे पाहिले. मंडळीने माना खाली घातल्या.

तेव्हा कबरस्तानाच्या कुंपणापाशी उभी असलेली हौसाबाई पुढे आली. ती ख्रिस्ती नव्हती, आणि अशा जागी बोलावे की नाही हे तिला कळत नव्हते. "मला तुमच्या गाण्याचं नाव नाही ठाऊक," ती म्हणाली. "पण रोज दुपारी भांडी घासताना ती एकच गाणं म्हणायची. मी भिंतीपल्याड शेळीला पाला घालायची न् ऐकायची. चाल येती मला."

तिने डोळे मिटून ती चाल गुणगुणली. जुने, संथ गीत होते. दुसऱ्या ओळीपाशी राहेलआजीने ते ओळखले आणि शब्द धरले, मग एकेक करीत सगळे त्यात मिसळले. शब्द शांतवनांना तोंडपाठ होते. ते त्यांनी शेकडो वेळा सांगितले होते, लोकांना शिकवले होते. मंडळी गात राहिली, हौसाबाई गुणगुणत राहिली, आणि पाळक आपल्या बायकोचे आवडते गीत पहिल्यांदाच ऐकत उभे राहिले.

तात्पर्य: नुसते देत राहिल्याने सेवा पुरी होत नाही, दुसऱ्याच्या हातून घेण्याइतके लहानही व्हावे लागते. जो घ्यायला नाही म्हणतो तो आपल्या घराचे दार बंद करतो, आणि त्या बंद दाराआड कोंडले जाते ते बहुतेक वेळा दुसरेच कुणी असते.