चिचुंद्रीचे पिल्लू आणि कानशीची सुरी

शके अठराशे ब्याऐंशी. माघ महिना. शिशिर ऋतू. झाडांची पाने गळत होती.

एक होती चिचुंद्री. तिचे होते एक पिल्लू. बांधावर कुणी तितरासाठी फास लावला होता. त्या फासात पिल्लाचा पाय अडकला.

"चीं चीं चीं!" पिल्लू रडले.

चिचुंद्रीने दोरी चावली. कट्! तिचाच दात मोडला. दोरी काही तुटली नाही.

मग चिचुंद्री निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत होते तात्याबा लोहाराचे दुकान.

"तात्याबा, तात्याबा,
सुरीवाचून फास तुटेना,
पिल्लू माझे सुटेना!"

तात्याबा म्हणाले, "अगं, जरा लांब उभी राहा. तुझा दर्प येतो! माझ्याकडे कोयता आहे. पण कोयत्याने पिल्लाचा पायच तुटेल. बारीक सुरी हवी. ती जुनी कानस नरम होईल, तर मी सुरी घडवीन."

कानस कोपऱ्यात पडली होती. लोखंड घासून घासून तिची धार गेली होती. चिचुंद्री तिच्याकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कानसबाई, कानसबाई,
लोहार सुरी घडवीना,
सुरीवाचून फास तुटेना,
पिल्लू माझे सुटेना!"

कानस म्हणाली, "म्हातारपणी आता हे काय गं? पण माझे पोलाद अजून चांगले आहे. भट्टी तापेल, तर मी नरम होईन."

दुरून आवाज आला, "चीं चीं!"

चिचुंद्री भट्टीकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"भट्टीबाई, भट्टीबाई,
कानस नरम होईना,
लोहार सुरी घडवीना,
सुरीवाचून फास तुटेना,
पिल्लू माझे सुटेना!"

भट्टी म्हणाली, "मी तर थंडगार. भाता वारा घालील, तर मी तापेन."

चिचुंद्री भात्याकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"भातेदादा, भातेदादा,
भट्टी काही तापेना,
कानस नरम होईना,
लोहार सुरी घडवीना,
सुरीवाचून फास तुटेना,
पिल्लू माझे सुटेना!"

भाता म्हणाला, "आपोआप का कुणी फुंकतो, वेडे? सगुणाबाई मला ओढील, तर मी वारा घालीन."

दुरून आवाज आला, "चीं."

सगुणाबाई म्हणजे लोहारीण. चिचुंद्री तिच्याकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"सगुणाबाई, सगुणाबाई,
भाता वारा घालीना,
भट्टी काही तापेना,
कानस नरम होईना,
लोहार सुरी घडवीना,
सुरीवाचून फास तुटेना,
पिल्लू माझे सुटेना!"

सगुणाबाई म्हणाली, "ओढीन गं बाई. पण माझे बाळ रडते आहे. त्याला खाली ठेवता येत नाही. बाळ झोपेल, तर मी भाता ओढीन."

चिचुंद्रीने कान दिला. आता दुरून आवाज आलाच नाही.

ती बाळाकडे वळली.

"बाळराजा, बाळराजा,
सगुणाबाई ओढीना,
भाता वारा घालीना,
भट्टी काही तापेना,
कानस नरम होईना,
लोहार सुरी घडवीना,
सुरीवाचून फास तुटेना,
पिल्लू माझे सुटेना!"

बाळ म्हणाले, "मला अंगाई हवी. आईचा घसा बसला आहे. तू अंगाई म्हण."

चिचुंद्रीचे डोळे भरून आले. तिचे पिल्लू फासात. तिने अंगाई कशी म्हणावी?

तरी ती म्हणाली.

"चुक चुक, नीज रे बाळा,
चुक चुक, मिट रे डोळा."

बाळ झोपले. सगुणाबाईने भाता ओढला. भाता फुंकू लागला. फूस फूस, फूस फूस. भट्टी तापली. तात्याबांनी कानस निखाऱ्यात घातली. ती लालबुंद झाली.

"आता घडवा! लवकर घडवा!" चिचुंद्री ओरडली.

तात्याबांनी मान हलवली. "नाही. आधी ती राखेत सावकाश निवेल. घाईने गार केली, तर तडकेल. मग सुरीही नाही आणि कानसही नाही."

कानस राखेत निजली. चिचुंद्री राखेपाशी बसली.

सावल्या लांब झाल्या. कानस नरम झाली.

तात्याबांनी ती पुन्हा तापवली. ठण ठण! ठोकली. पुन्हा तापवली, तेलात बुडवली. चर्रर्र! दगडावर घासली. खस खस! मुठीला चिंधी गुंडाळली. बारीक, लखलखीत सुरी झाली.

तात्याबा बांधावर धावले. चिचुंद्री पुढे. तुरु तुरु, तुरु तुरु.

पिल्लू निपचित पडले होते.

तात्याबांनी सुरी अलगद घातली. सर्र! फास तुटला.

पिल्लू हलले नाही. चिचुंद्रीने त्याला चाटले. पुन्हा चाटले. पुन्हा चाटले.

"चीं."

पिल्लू आईच्या कुशीत शिरले. त्याचे पाऊल मात्र वाकडेच राहिले. ते कधी सरळ झाले नाही.

तात्याबांनी ती दोरी उचलली. बांधावरचे बाकीचे फासही शोधले. एकेक फास सुरीने कापला. सगळे भट्टीत टाकले. ते जळून राख झाले.

तो दिवस होता माघ वद्य षष्ठीचा.