सत्तर माग आणि एक संगणक

एका गावात सत्तर माग होते आणि एक संगणक. माग घरोघरी होते. संगणक विणकर मंडळाच्या कचेरीत होता आणि त्यावर मंडळाचे चिटणीस अंबादास दिवटे, म्हणजे गावाचे अण्णा, यांची करडी नजर होती. त्यांनी स्वहस्ते, सुवाच्य अक्षरांत पाटी लिहून भिंतीवर लावली होती : ‘बाहेरची कोणतीही वस्तू या यंत्रास जोडू नये.’ एकदा नामदेव विणकराने आपला मोबाइल चार्ज करायला म्हणून संगणकाला जोडला, तेव्हा अंबादासांनी त्याच्याकडून ती पाटी तीन वेळा मोठ्याने वाचून घेतली होती.

एवढ्या कडकपणास कारण होते. त्या संगणकात गोदूआत्यांचे एकशे चाळीस नमुने होते. गोदूआत्या म्हणजे गावातील सर्वांत वयोवृद्ध विणकर. पदरावरचा मोर, काठावरची वेल, पोपटांची जोडी, सारे त्यांच्या स्मरणात. नमुन्यांचे जुने कागद वाळवीने खाल्ले, तेव्हा त्यांनी संगणकाशेजारी बसून, चौकटींच्या जाळीतले एकेक घर मोजून सांगत, सर्व नमुने पुन्हा उतरवून दिले. त्यास तीन वर्षे लागली. त्यानंतर आत्यांची दृष्टी मंदावली.

एका सोमवारी सकाळी अंबादासांनी कळ दाबली. पंखा घुरघुरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच राहिला.

तालुक्याहून संगणक दुरुस्त करणाऱ्या सुनंदाताई रोकडे आल्या. दुपारपर्यंत त्यांनी तपासणी केली. कचेरीत निम्मे गाव जमले होते.

“व्हायरस शिरलाय,” त्या म्हणाल्या. “सुरू व्हायला जो भाग लागतो, तोच त्यानं खाल्लाय. तो मी नव्यानं घालते. यंत्र संध्याकाळपर्यंत उठेल.”

सर्वांचे चेहरे खुलले.

“पण नमुन्यांच्या फायलीही त्यानं कुरतडल्यात. त्या मला परत आणता येणार नाहीत. दुसरीकडे कुठं प्रत आहे का?”

“प्रत कुठली ताई! काही बाहेर न्यायचं नाही, हा अण्णांचा दंडक,” नामदेव म्हणाला.

“मग हा शिरला कुठून? शेवटचं काय जोडलं होतं?”

सर्वांनी पाटीकडे पाहिले, मग अंबादासांकडे.

“काही नाही,” अंबादास म्हणाले. “आपोआप बंद पडला.”

बोलताना त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशात पेनड्राइव्ह होता. मागच्या आठवड्यात भाच्याकडे घरभरणी होती. व्याह्यांसमोर गावाची कला मिरवावी, या हौसेने अंबादासांनी सर्व नमुने त्यात उतरवून नेले आणि भाच्याच्या संगणकावर दाखवले. येताना समारंभाची छायाचित्रे त्यातच भरून आणली आणि ती पाहण्यासाठी तो पुन्हा कचेरीच्या यंत्रास जोडला. रोग आला तो त्याच वाटेने. परंतु नमुन्यांची जगातली एकमेव प्रतही त्याच खिशात होती.

उद्या गुपचूप आणून द्यावा, घरी अडगळीत सापडला म्हणावे, असे त्यांच्या मनात आले. तेवढे एक खोटे पचले असते.

गोदूआत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जाऊ दे रे अंबादासा. यंत्र तर उठेल. मोराची मान कुणाला आठवत असली तर सांगा बाबांनो. दोन-चार नमुने असतील अजून माझ्या बोटांत. एकशे चाळीस नाही रे व्हायचे आता.”

त्या गावात एक रीत होती. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला, की विणकराने हात थांबवून मोठ्याने ‘तुटला!’ म्हणायचे. ऐकणाऱ्याने हसायचे नाही. शेजाऱ्याने उठून टोक शोधू लागायचे. तुटलेला धागा झाकून पुढे विणत राहिले, तर रेघ पार पदरापर्यंत उतरते. नव्या विणकरांना पहिल्याच दिवशी ही रीत शिकवली जाई, आणि ती शिकवीत अंबादासच.

ते उभे राहिले.

“तुटला,” ते म्हणाले.

“काय तुटला, अण्णा?”

“माझा धागा.”

त्यांनी पेनड्राइव्ह मेजावर ठेवला आणि घरभरणीपासूनची सारी हकीकत, एकही शब्द न गाळता, सांगितली. व्याह्यांसमोर किती मिरवले, तेही सांगितले.

नामदेवाने भिंतीकडे बोट दाखवले. “अण्णा, पाटी वाचा. तीनदा.”

त्या दिवशी गावाची रीत मोडली. सगळे खो-खो हसले. गोदूआत्यांच्या तर डोळ्यांत पाणी आले. अंबादासांनी पाटी खरोखरच तीनदा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना तेही हसले.

सुनंदाताईंनी पेनड्राइव्ह उचलला. “अहो, हे सकाळीच दिलं असतं, तर माझी दुपार वाचली असती! आता हा माझ्याकडच्या वेगळ्या यंत्रावर धुऊन काढते. घाई करू नका.”

बुधवारी एकशे सदतीस नमुने जसेच्या तसे परत आले. तीन मात्र त्या पेनड्राइव्हमध्येही खराब झाले होते.

“ते तीन मी सांगते,” जुन्या पदरावरून बोटे फिरवीत गोदूआत्या म्हणाल्या. “पण उतरवून घेणार अंबादास. आणि हे बघ, घर चुकलं तर ओरडायचं. लपवायचं नाही.”

“नाही लपवणार, आत्या,” अंबादास म्हणाले. ते काम आठवडाभर चालले. अंबादास अकरा वेळा ओरडले.

पुढे सर्व नमुन्यांची दुसरी प्रत मंडळाच्या कपाटात ठेवण्यात आली. भिंतीवरची पाटी मात्र तीच राहिली. फक्त तिच्याखाली, तितक्याच सुवाच्य अक्षरांत, एक ओळ वाढली : ‘जोडलीच, तर तत्काळ सांगावे.’

तात्पर्य : चूक दडवणारा बहुधा तिच्याबरोबर तिचा उपायही आपल्याच खिशात दडवून ठेवतो.