वस्त्रगाळ राख

"आधी काय आलं, विश्वंभर? डाग, की संशय?"

माईंनी हे विचारलं आणि धुनीतलं लाकूड जरा आत सरकवलं.

"डाग, माई," विश्वंभर लगेच म्हणाला.

जरा जास्तच लगेच.

ओट्यासमोर मठाची पांढरी गाडी उभी होती. एका भक्तानं दिलेली, आणि त्याच्याकडेच म्हातारी झालेली. तिच्या पोटाखाली फरशीवर तेलाचा काळा डाग होता. विश्वंभर तो रोज पुसायचा. रोज तो पुन्हा उमटायचा.

मठाचा सगळा कारभार विश्वंभरकडे. ग्रंथ तोंडपाठ, व्यवहार चोख, कोठीची किल्ली कमरेला. माईंच्या मागे मठ याच्याच हाती जाणार, असं लोक आपसात बोलत. आपल्याला ते ऐकू येत नाही, असं तो दाखवायचा.

"हे सखाहरीचंच काम आहे," तो म्हणाला. "आज त्याला निरोप द्या. पिशवी भरायला मी सांगितलंय."

सखाहरी मठाचा ड्रायव्हर. साठी ओलांडलेला, घरचं कुणी न उरलेला. सगळा मठ त्याला तात्या म्हणायचा. विश्वंभरही म्हणायचा... पण डाग दिसायला लागल्यापासून त्यानं ते सोडलं होतं.

"त्यानं असं का करावं?"

"तालुक्याच्या मिस्त्रीशी त्याचं संगनमत आहे. मिस्त्री म्हणतो, मागचं सील गेलंय, अख्खं इंजिन उतरवावं लागेल. म्हणणारच! दोघं एकाच कपातला चहा वाटून पितात. मी पाहिलंय."

"चहा पिताना पाहिलंस."

"एकत्र, माई! आणि मी जवळ गेलो की गप्प होतात."

माई हसल्या. "तू जवळ गेलास की स्वयंपाकघरातल्या बायकाही गप्प होतात रे."

तेही विश्वंभरच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पोळ्या लाटणारी गंगूबाई हल्ली त्याच्याकडे बघायची टाळत होती. तिचं आणि सखाहरीचं गाव एकच.

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत रबराचा काळा वायसर होता, बांगडीपेक्षा लहान, तेलानं माखलेला.

"हा पुरावा. पुढच्या चाकाजवळ पडला होता. कुणीतरी गाडीचं काहीतरी खोलतंय, माई. तेव्हापासून मी हा खिशातच बाळगलाय."

"कुठला आहे?"

"कुठला ते महत्त्वाचं नाही. सापडला, ते महत्त्वाचं."

माईंनी वायसर तळहातावर घेतला. उलटा केला. मूठ मिटली.

"इंजिनात तेल कोण घालतं? सखाहरी?"

"छे! डबा पहिल्यापासून माझ्या कपाटात असतो. काकडआरतीच्या आधी मी स्वतः बॉनेट उचलतो, झाकण उघडून बघतो, लागेल तेवढं ओततो. त्याला हातही लावू देत नाही."

"काकडआरतीच्या आधी... काळोखात?"

"त्याला कळू नये म्हणून."

माईंनी पायऱ्यांकडे पाहिलं.

सखाहरी खालच्या पायरीवर बसला होता. मांडीवर कापडी पिशवी. त्यानं वर पाहिलं.

"माई, लवकर सांगितलंत तर बरं. उन्हाच्या आत एसटी गाठीन म्हणतो."

"थांब तात्या. आज विश्वंभर इंजिन धुणार आहे."

"मी?" विश्वंभर म्हणाला.

"रॉकेल घे, ब्रश घे. सगळा राप गेला पाहिजे."

"पण माई, धुतलं तर खुणा जातील!"

"जाऊ देत."

विश्वंभरनं बाह्या वर सारल्या. इंजिनावर जुन्या तेलाचे आणि धुळीचे थर बसले होते, एकावर एक. कुठलं तेल कधीचं, काही कळायला मार्ग नव्हता. तो घासत राहिला. घासता घासता मान वळवून सखाहरीकडे बघत राहिला.

सखाहरी उठला. एक फडकं पुढे केलं.

"घ्या बुवा. बाही भिजतीय."

विश्वंभरनं फडकं उलटंपालटं करून पाहिलं. एक डाग नाही. ड्रायव्हरकडे इतकं स्वच्छ फडकं कसं काय... असं त्याच्या मनात आलंच.

इंजिन धुऊन, पुसून, कोरडं झालं. माई धुनीजवळून उठल्या. पातळ कापडात थंड राख बांधून आणली होती. त्या वाकल्या आणि पुरचुंडी हलक्या हातानं इंजिनावर झटकू लागल्या. मैद्यासारखी बारीक राख सगळीकडे बसत गेली.

विश्वंभरनं हात जोडून डोळे मिटले. गाडीला अंगारा लावला जात होता.

"हात कसले जोडतोस? बॉनेट धर, डोक्यात पडेल माझ्या."

इंजिन राख फासलेल्या गोसाव्यासारखं दिसू लागलं.

"तात्या, चालू कर."

सखाहरीनं गाडी चालू केली. राख थोडी उडाली, बाकीची चिकटून राहिली. सखाहरी आत तसाच बसून राहिला... दोन्ही हात स्टिअरिंगवर, बाहेरून दिसतील असे.

विश्वंभर गुडघ्यांवर टेकून गाडीखाली बघू लागला.

"खाली काय बघतोस?"

"डाग तिथे पडतो ना, माई."

"हो. पडतो तिथे."

तो थोडा वेळ तसाच राहिला. मग उठला.

राख बदलत होती. खाली नाही, मागेही नाही. अगदी वर, पुढच्या बाजूला, तेल ओतायच्या झाकणाभोवती ती काळी पडली होती. तिथून एक ओली रेघ निघाली. माथ्यावरून मागे सरकली, उतारानं वळली, इंजिनाच्या मागच्या अंगाला जाऊन दिसेनाशी झाली.

जरा वेळानं फरशीवर एक थेंब पडला. जुन्या डागाच्या बरोबर मधोमध.

"वरून येतंय..." विश्वंभर पुटपुटला. आणि आवाज चढवून म्हणाला, "पण हे झाकण कुणी..."



माईंनी हात वर केला. गाडी बंद झाली. त्यांनी पदरानं धरून झाकण काढलं, उलटं केलं. आतल्या कडेला एक गोल खाच होती, रिकामी. त्यांनी मूठ उघडली. विश्वंभरचा पुरावा त्या खाचेत ठेवून अंगठ्यानं दाबला.

"बसला," त्या म्हणाल्या.

झाकण लागलं. ओलं पुसलं. नव्यानं राख पडली. गाडी पुन्हा चालू झाली.

राख कोरडी राहिली.

विश्वंभर बघत होता. राख भिजावी, असं त्याला एकदा वाटून गेलं... थोडीशी तरी, दुसरीकडे कुठेतरी. ती भिजली नाही.

"माई, मघाशी तुम्ही विचारलंत... आधी काय आलं म्हणून..."

माई पुरचुंडीची गाठ बांधत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

सखाहरी गाडीतून उतरला. पिशवी खांद्याला लावली.

"मग माई, निघू?"

माईंनी विश्वंभरकडे पाहिलं. सखाहरीनंही पाहिलं.

"तात्या..." किती दिवसांनी हा शब्द त्याच्या तोंडात आला होता. "पिशवी आत ठेवा."

सखाहरी जागचा हलला नाही. त्यानं पिशवी खांद्यावरून काढली, विश्वंभरसमोर धरली आणि तिचं तोंड उघडलं.

"ठेवतो की. पण आधी एकदा बघून घ्या, बुवा. उद्या काही कमी-जास्त झालं, तर..."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर विश्वंभरला बरं वाटलं असतं.

त्यानं आत पाहिलं नाही. हात पुढे करून पिशवीचं तोंड मिटलं, बंद आवळले. पिशवीवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले, तेलाचे आणि राखेचे.

सखाहरी पिशवी घेऊन आपल्या खोलीकडे गेला. मागे वळला नाही.

विश्वंभरचा हात सवयीनं खिशात गेला. आत नुसता पुडीचा कागद होता. त्यानं तो बाहेर काढला आणि हातात धरून उभा राहिला.

माई जवळ आल्या. पुरचुंडीतली चिमूटभर राख त्यांनी त्या कागदावर टाकली. घड्या घालून पुडी त्याच्या हातात दिली.

"ही ठेव. रिकामा खिसा तुला सोसायचा नाही."